तेराव्या वाढदिवसाला निळीचा खडा विकत घेणारा पोरगा, ज्याच्यामुळं चंपारणची नीळ बाजारातून उठली

शाळेच्या लॅबमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब पडला की पाण्यासारखं दिसणारं द्रावण एकदम गुलाबी व्हायचं, आठवतंय? ते रसायन १८७१ साली पहिल्यांदा बनवलं आडॉल्फ फॉन बायर या जर्मन माणसानं. अ‍ॅस्पिरिनवाली बायर कंपनी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.

बायर १८३५ चा, बर्लिनचा. बाराव्या वर्षीच त्यानं तांब्याचं एक नवं संयुग तयार केलं. तेराव्या वाढदिवसाला या पठ्ठ्यानं दोन थालर मोजून घेतलं काय, तर निळीचा खडा! तेव्हा नीळ झाडापासूनच मिळायची आणि युरोपात जाणारा मोठा माल भारतातला असायचा.

पुढं शिकून तो बर्लिनच्या एका संस्थेत शिकवायला लागला. तिथं त्याच्या हाती लागलं थॅलिक अ‍ॅनहायड्राइड. नाव जड आहे, भानगड सोपी. थॅलिक आम्लाच्या रेणूत दोन आम्लगट शेजारी-शेजारी असतात. तापवलं की दोघांतून मिळून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि उरलेली टोकं जुळून कडं तयार होतं. हे कडं चटकन उघडतं, म्हणून दुसरे रेणू त्याला सहज जोडता येतात. बायरनं फिनॉल जोडलं, फिनॉल्फ्थॅलिन मिळालं. रिसॉर्सिनॉल जोडलं, तर फ्लुओरेसिन. बुबुळावर ओरखडा आहे का बघताना डॉक्टर जो रंग डोळ्यात घालतात आणि निळ्या उजेडात ओरखडा हिरवा चमकतो, तो रंग हाच.

पण डोक्यात नीळच होती. १८६५ मध्ये तो तिच्या मागं लागला. १८८० मध्ये झाडाशिवाय नीळ बनवण्याची पद्धत त्यानं पेटंट केली, १८८३ मध्ये तिच्या रेणूची रचना मांडली. अठरा वर्षं गेली. पेटंट कंपन्यांनी विकत घेतलं खरं, पण ही पद्धत इतकी महाग पडायची की झाडाची नीळच स्वस्त.

तिढा सुटला तो डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलिननं. त्यापासून बनवायचं होतं तेच कड्याचं थॅलिक अ‍ॅनहायड्राइड आणि त्यातून पुढं नीळ. क्रिया फार रखडायची. असं सांगतात की एकदा थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि काम भराभर व्हायला लागलं. १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली.

बायरला १९०५ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्याचा विद्यार्थी एमिल फिशर तीन वर्षं आधीच ते घेऊन बसला होता.

इकडं बिहारमध्ये चंपारणच्या शेतकऱ्याला वीस कठ्ठ्यांतले तीन कठ्ठे निळीखाली ठेवावे लागत. यालाच तीनकठिया म्हणायचे. जर्मन नीळ आली, भाव कोसळले. मग गोऱ्या मळेवाल्यांनी तोटा कुळांवर ढकलला. निळीच्या सक्तीतून सुटायचं तर वाढीव खंड द्या, नाहीतर रोख रक्कम मोजा. जी नीळ लावायला शेतकरी कधी राजी नव्हता, ती बंद होण्याचे पैसेही त्यानंच भरायचे! त्यात पहिलं महायुद्ध लागलं, जर्मन माल थांबला आणि झाडाच्या निळीला पुन्हा भाव आला.

एप्रिल १९१७ मध्ये राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी चंपारणला पोचले. त्याच वर्षी २० ऑगस्टला म्यूनिकजवळच्या स्टार्नबर्गमध्ये बायर वारला. तेव्हा चंपारणच्या तक्रारींची सरकारी चौकशी चालू होती आणि चौकशी समितीत गांधीजीही होते. १९१८ मध्ये कायदा झाला आणि तीनकठिया संपली.