फुलामुलांच्या कवीच्या घरातील हिशेब

कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेबाचे काम पाहणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात घरी आला होता. महाविद्यालयात असल्यापासून तो कथा लिहितो. दोन-तीन दिवाळी अंकांतून त्या छापूनही आल्या आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली आणि तेव्हापासून त्याच्या वहीत एक ओळ उमटलेली नाही. पहाटे बाजारात मालाच्या गाड्या लागतात, दिवसभर पट्ट्या आणि हमालीचे आकडे, रात्री मुलीचे रडणे. लेखन आता सोडूनच द्यावे काय, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या बोलण्यात वैताग नव्हता, अपराधी भाव होता. लिहावयास बसलो तर मुलीचा वेळ चोरल्यासारखे वाटते आणि मुलीला घेऊन बसलो तर वहीचा, असे तो म्हणाला.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अशा वेळी वैकल्पिक खर्च आठवतो. एका कामाला दिलेला तास दुसऱ्या कामाला मिळत नाही, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. परंतु त्या संध्याकाळी मला आठवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे घर. त्याला निमित्तही तसेच घडले. आम्ही बोलत होतो तेव्हा कळमना स्थानकावरून पूर्वेकडे एक गाडी गेली. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग हाच. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८९० नंतरच्या काही वर्षांत, टिळक राजनांदगाव संस्थानातील नोकरीच्या निमित्ताने आगगाडीने तिकडे जात असता त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली आणि त्यांच्या हाती बायबलचा नवा करार आला. त्या प्रवासाने एका कवीचे आयुष्य बदलले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच वेळी घरी एक लहान मूल होते आणि त्या मुलाची आई होती, हे मात्र आपण सहसा विसरतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांच्या सोवळ्याचा जाच असा की घरातील माणसांना श्वास घेणे कठीण व्हावे. अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न टिळकांशी झाले. टिळक त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, बुद्धिमान, शीघ्रकवी, उदार आणि संसाराच्या दृष्टीने अत्यंत बेभरवशाचे गृहस्थ होते. मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जावे, हातातला पैसा वाटेत भेटलेल्या गरजवंताला द्यावा आणि रिकाम्या हातांनी परतावे, हा त्यांचा नेम. पत्नीला लिहावाचावयास शिकविण्याची हौस त्यांना होती आणि त्या काळाचा विचार करता ती हौस लहानसहान म्हणता येणार नाही. पण आरंभी उत्साह फार आणि सातत्य थोडे, अशी त्या शिकवणीची तऱ्हा होती. लक्ष्मीबाईंना शाळा अशी कधी मिळालीच नाही. त्या जे शिकल्या ते स्वयंपाक आणि धुणीभांडी यांच्या मधल्या फटींत.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृतचे काम चालले आणि ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालविले. दत्तू, म्हणजे पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने मराठीला परिचित झालेले लेखक, यांचा जन्मही १८९१ चाच. त्यांच्या आधीची अपत्ये लहानपणीच दगावली होती. ज्या आईने आधीची मुले गमावली, तिला पुढच्या तान्ह्या मुलाच्या प्रत्येक तापाचे भय किती असेल, हे सांगावयास नको. म्हणजे नागपूरच्या दिवसांत त्या घरात दोन नव्या गोष्टी एकदम वाढत होत्या, एका पुरुषाचे लेखन आणि एका स्त्रीचे मूल. लेखनासाठी लागणारी शांतता आणि मुलासाठी लागणारी जाग या दोहोंचा पुरवठा एकाच व्यक्तीकडून होत होता. ती व्यक्ती टिळक नव्हती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दत्तू त्या वेळी जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी राहिल्या. नवरा जिवंत असून घरात नाही, समाज बोट दाखवितो आणि कडेवर मूल आहे, अशी त्यांची अवस्था होती. या काळातच त्यांच्या मनात ओळी जुळू लागल्या, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. निवांतपणा नव्हता, लेखणी हाताला वळलेली नव्हती. तरी कविता होत होती, आणि तिला वही नव्हती. काही वर्षांनी त्या मुलासह टिळकांकडे अहमदनगरला गेल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुढे मोकळीक मिळाली असेल, असे कोणास वाटल्यास ते चूक ठरेल. दुष्काळातील पोरकी मुले टिळक घरी आणीत. ताराबाई ही मानसकन्या त्या घरातच वाढली. पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, काही काळ टिळकांच्या घरी पोटच्या मुलासारखे राहिले. टिळकांच्या सहवासात बालकवींची प्रतिभा कशी फुलली, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या प्रतिभेच्या दोन वेळच्या जेवणाचे कोणी पाहिले, याचा उल्लेख समीक्षेत क्वचितच सापडतो. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. ते बिरुद त्यांच्या कवितेला शोभते यात शंका नाही. मुलांवर त्यांचे प्रेम अस्सल होते, ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक त्यांनी आस्थेने सांभाळले. तथापि मुलांवर कविता करणे आणि मुलांची न्हाणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला बिरुद नाही.

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये आपल्या ग्रंथात एक विसंगती नोंदवून ठेवली आहे. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीशी लग्न केले तर तिचे काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते, कारण पगार थांबतो. विद्यार्थी हे ऐकून हसतात. शंभर वर्षांनंतरही हा विनोद जुना झालेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, असे आढळले. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा, आणि तोही हे काम करणाऱ्या पुरुषांपुरताच. असे पुरुष शंभरात सव्वीस निघाले, स्त्रिया एक्याऐंशी. मुलांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा मोजला आहे. पाच तासांत किती ओव्या होतात, हे त्या पाहणीत नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते, ते साडेदहा अध्यायांवर थांबले. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी स्वीकारले आणि चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला. अर्थात ग्रंथ नवऱ्याचा म्हणून सुरू झाला, त्याचा बहुतेक भार बायकोने उचलला आणि शेवट कडेवरच्या त्या मुलाने केला. प्रमाणाचा विचार केला तर हा ग्रंथ कोणाच्या नावावर मांडावयास हवा, हे सांगण्यासाठी गणिताच्या पदवीची गरज नाही.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये ग्रंथरूपाने आला तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. टिळकांच्या आठवणी लिहून काढाव्या म्हणून देवदत्तांनी त्यांच्यामागे लकडा लावला आणि त्यातून मराठीतले एक थोर आत्मचरित्र उभे राहिले. ज्याच्यामुळे आईचे लेखन लांबले असे हिशेबाने म्हणता येईल, त्यानेच ते घडवून आणले. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही असेच घडले. त्यांना लिहिता येत नव्हते, सोपानदेवांसारखा मुलगा नसता तर ती गाणी त्यांच्याबरोबर गेली असती. दत्तूच्या जन्मापासून ‘स्मृतिचित्रे’पर्यंत त्रेचाळीस वर्षे जातात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. स्वतःच्या गद्याला त्यांच्या वाट्याला आलेला काळ त्यामानाने फारच थोडा.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि एके काळी मीही ते वर्गात देत असे. त्या संसारातील ओढाताण नसती तर ‘स्मृतिचित्रे’त लिहावयाचे काय, असे हे उत्तर आहे. त्यात तथ्य आहे. त्या पुस्तकातील हसू, स्वतःलाही न सोडणारी थट्टा, नवऱ्याच्या लहरीपणाकडे पाहणारी ती मायेची पण सावध नजर हे सारे चुलीजवळच मिळालेले धन आहे. पण हे उत्तर नेहमी दुसऱ्याच्या कष्टांविषयीच दिले जाते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. टिळकांना संसाराची आणखी ओढाताण मिळाली असती तर त्यांची कविता अधिक सकस झाली असती, असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. शिवाय जे लिहिले गेले तेवढेच आपल्यासमोर आहे. जे राहून गेले त्याची नोंद कोणत्या वहीत सापडणार? लक्ष्मीबाईंच्या उशिराला केवळ मूल कारण होते असेही नाही. शाळा नव्हती, काळ प्रतिकूल होता, घर एका गावी टिकत नव्हते. पण शिक्षणातून उरलेला आणि घराबाहेरून वाचलेला जो थोडा वेळ होता, तोही एका कवीच्या स्वस्थतेसाठी खर्ची पडला.

१९३३ मध्ये नागपुरास भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंना मिळाले. ज्या शहरात चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका कवीचे घर सांभाळले, तेथे त्या कवयित्री म्हणून व्यासपीठावर बसल्या. त्या दिवशी त्यांना जुने दिवस आठवले असतील काय, असा विचार सीताबर्डीवरून जाताना माझ्या मनात कधी कधी येतो.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो गप्प झाला. लेखन सोडू नकोस, एवढे मी त्याला आधीच सांगून चुकलो होतो. मग एकाएकी मला आठवले की त्याची पत्नीही आमच्याच महाविद्यालयातली. वार्षिक अंकात तिच्या कविता येत, आणि खरे सांगावयाचे तर त्या याच्या कथांहून सरस असत. ती अजून लिहिते का, असे मी विचारले. त्याला ठाऊक नव्हते. लग्नानंतर तिची वही माळ्यावरच्या पेटीत गेली, एवढे त्याला आठवले. त्याच्या स्वतःच्या वहीची चर्चा आम्ही दोघांनी तासभर केली होती. त्या तासात मुलगी कोणाकडे होती, हे मीही विचारले नव्हते. माझा प्रबंध पुरा होत होता त्या वर्षी माझा मुलगा दीड वर्षाचा होता. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पत्नीचे नाव शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.

परवा तो पुन्हा भेटला. बाजारातून आल्यावर साडेसात ते साडेनऊ हे दोन तास आता मुलगी त्याच्याकडे असते, अशी वाटणी त्यांनी ठरविली आहे. स्वतःच्या कथेसाठी त्याने रविवारची सकाळ ठेवली आहे. माळ्यावरची पेटी खाली उतरवून वहीही काढून दिली, असे त्याने सांगितले. पहिल्या दिवशी तिने त्या दोन तासांत काय लिहिले, असे मी उत्सुकतेने विचारले. काही नाही, तो म्हणाला, ती झोपली.