पिसे वेचणारा कलेक्टर

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन. एवढे लिहिले की दोन गुणांचा प्रश्न सुटतो आणि ह्यूम पुस्तकातून नाहीसे होतात. मी इतिहासाचा विद्यार्थी असलो, तरी रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी जाणाऱ्यांपैकीही एक आहे. पक्ष्यांवरच्या पुस्तकांत हेच नाव पुन्हा पुन्हा भेटू लागले, तेव्हा मला नवल वाटले. हे तेच ह्यूम काय? होय, तेच! आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच जाणून घेण्याजोगा आहे.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटात सुधारणावादी सभासद म्हणून गाजलेले. १८४९ मध्ये मुलगा मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आला आणि पुढे उत्तरेत इटावा जिल्ह्याचा कलेक्टर झाला. तेथे ह्यूम यांनी गावोगाव मोफत शाळा काढल्या. पक्षी जमवण्याचा नादही याच काळातला. १८५७ च्या धामधुमीत हा पहिला संग्रह नष्ट झाला. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ मध्ये ते मिठावरील जकातीच्या खात्याचे आयुक्त झाले. मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी सरकारने देशाच्या मध्यातून शेकडो मैलांचे काटेरी कुंपण वाढवले होते. त्याच्या देखरेखीसाठी सतत फिरती असे, आणि फिरतीबरोबर पक्षीनिरीक्षणही चाले. तरीही एक अडचण होतीच. सिंधपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेला प्रदेश एकटा माणूस किती पाहणार? पक्षी ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात, नर-मादीचे रंग वेगळे, पिलांचे आणखी वेगळे. एकाच जातीला दोन नावे पडावीत आणि दोन जाती एकच समजल्या जाव्यात, असा घोळ त्या काळी नेहमीचा होता.

ह्यूम यांनी यावर शोधलेला उपाय साधा होता. जंगल खात्यातले, पलटणीतले, कचेऱ्यांतले असे जे कोणी पक्षी पाहत होते, त्या सर्वांना त्यांनी पत्रांनी एकत्र बांधले. १८७२ च्या अखेरीस ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेली पिसे’, या नावाचे नियतकालिक काढले. त्याचे वाचक तेच त्याचे लेखक. कोणी कोठे, कोणत्या तारखेला, कोणता पक्षी पाहिला, त्याचे घरटे कसे होते, हे सारे त्यात छापले जाई आणि त्यावर कडाक्याचे वादही होत. नवख्यांसाठी ह्यूम यांनी १८७४ मध्ये नमुने कसे जमवावेत याचे एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले.

तो काळ बंदुकीचा होता, हे विसरून चालणार नाही. पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा आणि पिसांसकट त्याचे कातडे जपून ठेवायचे, अशीच रीत होती. या कामी राबलेल्या देशी शिकाऱ्यांची आणि वाटाड्यांची नावेही फारशी कोणी नोंदवली नाहीत. पुढे ह्यूम यांनी मांसाहार सोडला आणि शिकारही सोडली.

१८७९ मध्ये वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. सिमल्याच्या घरी भले मोठे संग्रहालय उभे होते आणि हिंदी पक्ष्यांवरील महाग्रंथासाठी पाव शतक लिहिलेली हस्तलिखिते तयार होत आली होती. एकदा ह्यूम सिमल्याबाहेर असताना एका नोकराने ती चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. आयुष्याच्या कमाईच्या पुड्या झाल्या! ह्यूम यांचे मन या विषयावरून उडाले. १८८५ मध्ये त्यांनी कातडी, अंडी व घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईत राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर होते. विखुरलेल्या माणसांना पत्रांनी जोडण्याची विद्या त्यांना तेथेही उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. उतारवयात त्यांनी वनस्पतींचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मग उरले काय? जे त्यांनी कपाटात ठेवले होते ते गेले. जे त्यांनी छापले आणि वाटले ते उरले. त्याची दोन उदाहरणे देतो.

१८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात ह्यूम यांना लांब चोचीचा एक चिमुकला वटवट्या मिळाला होता. जगात त्या जातीचा तो एकुलता एक नमुना. ही खरोखर वेगळी जात आहे काय, अशी शंका घेतली जाई. २००६ मध्ये थायलंडमध्ये तसाच एक जिवंत पक्षी जाळ्यात सापडला. त्याची जनुकीय तपासणी ह्यूम यांच्या नमुन्याशी ताडून पाहिली गेली आणि १३९ वर्षांनी ओळख पटली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. ब्लेविट नावाच्या पत्रमित्राने मध्य हिंदुस्थानातून पाठवलेल्या घुबडाला १८७३ मध्ये ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये नाव दिले. तोच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशातूनही त्याचे नमुने मिळाले, पण १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला जाई. तो जुनाच नमुना चोरून, खोटी चिठ्ठी लावून पुढे केलेला निघाला. अभ्यासकांनी ती खोटी नोंद बाजूस सारली, जुन्या खऱ्या नोंदींतली ठिकाणे धुंडाळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत आढळला! एका खोट्या चिठ्ठीने वाट चुकवली होती, ती प्रामाणिक चिठ्ठ्यांनी दाखवली.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी रानपिंगळा शोधील असे मी म्हणत नाही. पण तळ्यावर थापट्या बदकांचा पहिला थवा कोणत्या दिवशी उतरला, माळावरचा माळढोक कोणी शेवटचा कधी पाहिला, हे स्थळ-तारखेसह लिहून चार जणांना सांगणे आपल्या हाती आहे. त्या नोंदीचा उपयोग कोणाला आणि किती वर्षांनी होईल, हे ह्यूम यांनाही ठाऊक नव्हते.