राबी आणि एमआरआयचं मशीन
शाळेतून घरी आलं की आपली आई काय विचारते? डबा संपवलास का, मार्क किती पडले! इसिडोर राबी यांची आई मात्र विचारायची, आज एखादा चांगला प्रश्न विचारलास का?

१८९८ मध्ये जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कमधल्या गरीब ज्यू घरात वाढला आणि कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांवर रेडिओलहरी सोडल्या तर काय होतं, हा त्यांचा प्रश्न. ठरावीक वारंवारितेलाच केंद्रकं प्रतिसाद देतात, हे त्यांनी १९३८ मध्ये दाखवलं. १९४४ चं नोबेल मिळालं. तेव्हा डोक्यात कुठला पेशंट नव्हताच.

पुढे इतरांनी याच तत्त्वावर एमआरआय उभं केलं. फुफ्फुसाचा कॅन्सर लसिकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये पसरलाय का, हे तपासायलाही ते वापरता येतं. दाट वाढलेल्या पेशींत पाण्याच्या रेणूंना हलायला जागा कमी पडते, तेच स्कॅन टिपतो. पक्की खात्री बायोप्सीनेच होते. पण ऑपरेशन करायचं की नाही, हे या पसरण्यावरच बरंचसं ठरतं.

म्हातारपणी राबींनाही कॅन्सर झाला. तपासणीसाठी ते स्वतः एमआरआयच्या मशीनमध्ये झोपले. आपलं काम इथवर येईल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ११ जानेवारी १९८८ रोजी ते गेले. मशीन कामावर आहे.