रॉबर्ट केट

इंग्लंडच्या पूर्व भागीं नॉरफोक म्हणून एक परगणा आहे. तेथील विंडम गांवीं रॉबर्ट केट नांवाचा सुखवस्तु गृहस्थ राहत असे. कातडीं कमाविणें हा त्याचा धंदा असून त्याची शेतजमीनहि पुष्कळ होती.

त्या काळीं लोंकरीस चांगला भाव येई. म्हणून जमीनदारांनीं गांवोगांवचीं गायरानें कुंपणें घालून बळकाविलीं व तेथें आपले मेंढ्यांचे कळप सोडले. गरिबाच्या गाईस चरावयास जागा उरली नाहीं. इ. स. १५४९ च्या जुलै महिन्यांत विंडमच्या जत्रेस जमलेले लोक हीं कुंपणें मोडूं लागले. फ्लॉवरड्यू नांवाच्या एका वकिलाचें केटशीं जुनें वैर होतें. त्यानें लोकांस पैसे देऊन केटच्या कुंपणाकडे धाडिलें. परंतु केटनें त्यांचें गाऱ्हाणें ऐकिलें, तें खरें मानिलें, आणि तो स्वतःच आपलें कुंपण मोडूं लागला. तेव्हांपासून तो त्यांचा पुढारी झाला.

नॉरिच शहराजवळ माउसहोल्ड नांवाच्या माळावर त्यांनीं तळ दिला. तेथें सुमारें १६,००० माणसें जमलीं. एका ओक वृक्षाखालीं बसून केट न्यायनिवाडा करी. तळावर नित्य प्रार्थना होत असे. पुढें कँटरबरीचा आर्चबिशप झालेला मॅथ्यू पार्कर यानेंहि तेथें उपदेश केला. त्यानें शांततेनें वागण्यास सांगितलें, तेव्हां कांहीं लोक त्याजवर खवळले.

लोकांनीं राजाकडे २९ मागण्या धाडिल्या. जमीनदारांनीं गायरानांत आपलीं गुरें घालूं नयेत. जे पाळक उपदेश करूं शकत नाहींत त्यांस काढावें. आणि ख्रिस्तानें आपलें रक्त सांडून सर्वांस मुक्त केलें आहे, म्हणून जमिनीशीं जखडलेल्या दासांस मोकळें करावें, अशा त्यांतील कांहीं होत्या.

राजदूत क्षमेचा जाहीरनामा घेऊन आला. केटनें ती क्षमा स्वीकारिली नाहीं; निरपराध्यास क्षमा नको, असें त्याचें म्हणणें पडलें. मग लोकांनीं शस्त्रबळानें नॉरिच घेतलें व तें सोडविण्यास आलेली पहिली फौज परतविली. येथून न्यायाच्या मागणीचें युद्ध झालें. आगष्ट महिन्याच्या २७ व्या तारखेस वॉरिकच्या अर्लानें डसिनडेल येथें त्यांचा पूर्ण मोड केला. हजारों शेतकरी पडले. केट रणांतून पळाला, परंतु लवकरच सांपडला. ता. ७ डिसेंबर १५४९ रोजीं त्यास नॉरिचच्या किल्ल्यावर फांशीं दिलें. त्याचा भाऊ विल्यम यास विंडमच्या देवळाच्या बुरुजावर.

गायरानें बंद होणें त्यामुळें थांबलें नाहीं. तथापि ४०० वर्षांनीं, १९४९ सालीं, ज्या किल्ल्यावर त्यास फांशीं दिलें त्याच्याच भिंतीवर नॉरिचकरांनीं त्याच्या सन्मानार्थ शिळा बसविली.

तरवारीनें केटच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. परंतु दुसऱ्याचें कुंपण मोडण्यास पुष्कळ धांवतात. स्वतःचें कुंपण प्रथम मोडणारा क्वचितच आढळतो. वाचकहो, केटच्या चरित्रांतील ही एक गोष्ट आपण अवश्य ध्यानांत ठेवावी.