भोकाची चकती आणि शिलिंगबाई

रूमवर गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी नायट्रस काढतोच. बाटली जोडली, बटण दाबलं, गाडी सुसाट. एवढंच सगळ्यांना ठाऊक. पण नायट्रस म्हणजे इंजिनाला मिळालेला जादा ऑक्सिजन. त्याच क्षणी त्या मापाचं जादा पेट्रोल पोचलं नाही तर पिस्टन वितळतो. म्हणून किटमध्ये गॅसचा आणि पेट्रोलचा असे दोन जेट असतात, आणि सगळी मदार त्यांच्या भोकांवर! भोकाच्या मापाचा विषय निघाला की मला बिॲट्रिस शिलिंगबाई आठवतात.

जन्म १९०९, इंग्लंड. चौदाव्या वर्षी मोटरसायकल घेतली. मँचेस्टरमधून १९३२ साली इलेक्ट्रिकलची पदवी, पुढच्याच वर्षी मेकॅनिकलमध्ये एम.एस्सी. (आमच्या मेकॅनिकलला आजही मुली बोटांवर मोजाव्यात इतक्याच!) १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टनवरून ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारून गोल्ड स्टार पटकावला. १९३६ पासून फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत नोकरी.

ओझरमुळे आपल्याला लढाऊ विमान म्हटलं की मिग आठवतं. ते जेट. १९४० ची स्पिटफायर, हरिकेन मात्र पिस्टन इंजिनाची, आपल्या जुन्या फियाटसारखी कार्ब्युरेटरवाली. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर उसळायचं, जेट कोरडा पडायचा, इंजिन आचके द्यायचं. लगेच उलटा प्रकार: सुई सताड उघडी, पंपाचं पेट्रोल बदाबदा आत, इंजिन फ्लड. जर्मन इंजिनांना इंजेक्शन होतं, त्यामुळे ते खुशाल सूर मारून निसटायचे. शत्रू मागे लागलेला असताना इंजिन असं गचकलं तर वैमानिकाच्या जिवावरच बेतायचं.

नवा कार्ब्युरेटर यायला वेळ लागणार होता. बाईंनी पेट्रोलच्या लाइनमध्ये भोक पाडलेली पितळी टोपी बसवली. पुढे तिचीच साधी वॉशरसारखी चकती झाली. फुल पॉवरला इंजिन जेवढं पिईल तेवढंच पेट्रोल त्यातून जाणार. पहिला आचका राहिला, पण फ्लडिंग थांबलं. मार्च १९४१ पर्यंत बाई छोटी टीम घेऊन विमानतळांवर फिरून चकत्या बसवत होत्या.

गंमत म्हणजे याच युद्धात जर्मनांनी उंचावर ताकद मिळावी म्हणून विमानांच्या इंजिनात नायट्रस सोडला होता.

बाई १९६९ पर्यंत त्याच संस्थेत राहिल्या, मोटारींच्या शर्यतीही खेळल्या, १९९० मध्ये वारल्या. वैमानिक त्या चकतीला ‘मिस’ शिलिंगच्या नावाने ओळखत. लग्न मात्र १९३८ लाच झालं होतं!