गंगाराम तांबट: वेरूळची लेणी कागदावर उतरवणारे चित्रकार

गंगापूरच्या उत्तरेला, शेजारच्या खुलताबाद तालुक्यात वेरूळची 34 लेणी आहेत. कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, 1790च्या दशकात, पुण्याच्या एका चित्रकाराने ती बारकाईने रेखाटली. त्यांचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट.

पुण्यातील सुरुवात

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर. गंगाराम मात्र चित्रकलेकडे वळले. पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी त्यांना काम दिले. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांचे चित्र 1790चे आहे. पुढे सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तेथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या हाताखाली गंगाराम यांनी पाश्चात्त्य पद्धत आत्मसात केली. मॅलेट यांच्यासाठीच त्यांनी वेरूळची लेणी चितारली.

तेव्हाची पेन्सिल, तेव्हाचा कागद

खांबांवरची नक्षी आणि मूर्तींचे दागिने काढायचे तर रेघ बारीक आणि खोडता येणारी हवी. म्हणून आधी पेन्सिल, मग शाई, शेवटी पातळ रंग असा क्रम असे. त्या काळी उत्तम पेन्सिलीसाठी इंग्लंडमधील बॉरोडेलच्या खाणीतले ग्रॅफाइट कापून लाकडात बसवत. खाणीतून निघेल तोच तिचा कठीणपणा. 1795 मध्ये फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून ती भाजली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि रेघ फिकट. माती कमी तर मऊ आणि गडद. आजचे एच आणि बी हे प्रकार याच तत्त्वावर बनतात.

कागदाचेही तसेच. जुन्या साच्यातील तारांचे वळ कागदावर उमटत आणि बारीक रेघ अडखळे. 1750च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमन यांनी विणलेल्या जाळीवर सपाट कागद बनवला.

आजही बारीक कामासाठी हाच हिशेब लागू पडतो. आखणीला 2एच, रेघेला एचबी, सावलीला 2बी ते 4बी आणि कागद गुळगुळीत, जाड, आम्लरहित. मात्र कठीण पेन्सिल दाबून चालवली, तर कागदावर चर पडतो आणि तो खोडरबराने जात नाही.

नाव कोणाचे राहिले?

वेल्स 1795 मध्ये वारले. 1803 मध्ये थॉमस डॅनियल यांनी वेरूळच्या 24 दृश्यांचा ग्रंथ लंडनमध्ये काढला. त्याच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनियल यांची नावे आली, गंगाराम यांचे नाही. पण त्यांचे मूळ कागद टिकले. त्यातले बरेचसे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात गंगाराम यांच्याच नावाने जपलेले आहेत.