काशीचा सुश्रुत आणि मधुमेह्याचे ताट

मधुमेहाचा रुग्ण आज बहुतेक प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाचा आहे. या रोगावर औषधाइतकाच आहाराचा व श्रमाचा विचार ज्याने फार प्राचीन काळी मांडला, त्या पुरुषाची ओळख आपण करून घेऊ या. तो म्हणजे काशीचा, अर्थात आजच्या वाराणसीचा, शल्यवैद्य सुश्रुत.

सुश्रुताच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. तो ख्रिस्तपूर्व काळात होऊन गेला असे पुष्कळजण मानतात. परंपरेने तो विश्वामित्राचा पुत्र. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्यापाशी औपधेनव, वैतरण आदी सहाध्यायांसह त्याने विद्या संपादन केली. कोहळा, भोपळा अशा फळांवर छेद घेण्याचा सराव केल्याखेरीज शिष्याने रुग्णाच्या देहास शस्त्र लावू नये, अशी या गुरुकुलाची शिस्त होती. तुटलेले नाक नव्याने घडविण्याच्या कृतीमुळे सुश्रुताचे नाव जगभर झाले. त्याच्या नावाच्या संहितेत पुढील पिढ्यांनीही भर घातली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेले जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याने ही संहिता छापून घरोघरच्या वैद्यांपर्यंत पोहोचविली.

शस्त्रक्रियेत निष्णात असलेल्या या वैद्याने प्रमेहाचे 20 प्रकार वर्णिले आहेत. मधासारखी लघवी होणारा मधुमेह हा त्यांतलाच. दिवसा झोपणारा, आळशी, गोड व स्निग्ध पदार्थांत रमणारा मनुष्य या रोगास बळी पडतो, हे त्याने ओळखले. एवढेच नव्हे, तर जन्मजात दोषाने होणारा व अपथ्याने होणारा असे दोन भेद त्याने केले. पहिल्यातील रुग्ण कृश असतो, दुसऱ्यातील बहुधा स्थूल.

अशा रुग्णाच्या ताटातून त्याने उसाचे पदार्थ, दूध, दही, तूप व पिठूळ पक्वान्ने दूर केली आणि जुना तांदूळ, जव, गहू, कोद्रू यांसोबत हरभरा, तूर, कुळीथ, मूग व कडू-तुरट भाज्या वाढल्या. निर्धनाने अनवाणी शंभर योजने चालावे, शेतकऱ्याने नांगर सोडू नये किंवा विहीर खणावी असे त्याने सांगितले. धनवानालाही त्याने सोडले नाही: त्याने रानात राहून सावा, देवभात, आवळा व कवठ यांवर निर्वाह करावा. कृश रुग्णाची मात्र सदैव जपणूक करावी, हे तो विसरला नाही.

वाचकहो, या ताटातील गुण कोणता? जव व कडधान्ये यांत तंतुमय भाग विपुल असतो. तो आपल्या आतड्यात पचत नाही. त्यातील विरघळणारा भाग पाण्यात चिकट होऊन अन्नाची गती मंद करतो. त्यामुळे साखर रक्तात एकदम न उसळता हळूहळू उतरते. सुश्रुताला ही क्रिया ठाऊक नव्हती. त्याला निरीक्षणाने परिणाम दिसला होता. गवारीच्या बियांतील डिंकाने जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, हे 1976 साली शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले. त्याच दशकात, युगांडात दीर्घकाळ सेवा केलेले श्रद्धावान ख्रिस्ती शल्यवैद्य डेनिस बर्किट यांनी चोथ्याविना अन्नाचे धोके जगापुढे मांडले. योगायोग असा की, तेही शस्त्रक्रियेकडूनच ताटाकडे वळले होते.

मात्र सुश्रुताचा अर्थ नीट लावावा. ज्या कृश रुग्णाला त्याने जपण्यास सांगितले, त्याला जीवदान देणारे इन्सुलिन 1921 साली सापडले, आणि नुसत्या जवाच्या भाकरीवर त्याचा निभाव लागत नाही. म्हणून पथ्य सुरू केले तरी डॉक्टरांना विचारल्याविना इन्सुलिन वा गोळ्या बंद करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली प्रौढांस दररोज किमान 25 ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचविले आहेत. ते प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे.

ज्या भरड धान्यावर काशीच्या वैद्याने श्रीमंताला पाठविले, ते पूर्वी गरिबाच्या घरी रोजचेच होते. आज पांढरा सडीक तांदूळ व मैदा त्याच्याही घरात शिरला आहे, आणि त्यामागोमाग हा रोगही. तेव्हा बाजारातून धान्य आणताना कोंड्यासह दळलेले पीठ, मूठभर कुळीथ व एक पालेभाजी आपण अवश्य आणावी. ताटाची ही दुरुस्ती फारशी खर्चाची नाही, आणि ती घरातल्या सर्वांच्याच हिताची आहे.